चौथा खिळा

प्रिय रोवेना,

तुझं पत्र मिळालं. न्यायाधीशपदाची शपथ माहेरच्या लिंडक्विस्ट या नावानं घ्यायची म्हणतेस, आणि मी रागावेन का, असं विचारतेस. आधी इथलं सांगते, मग उत्तर देते.

रविवारी चर्चच्या हॉलमध्ये आपल्या थॅकर्बींचा मेळावा झाला. बटाट्याचं सॅलड नेहमीप्रमाणे मीच केलं, आणि मोहरी जास्त झाली असं माझी नणंद युनिस नेहमीप्रमाणेच म्हणाली. मग सगळे तसबिरींच्या भिंतीपुढे जमले. अख्ख्या अमेरिकेत हे आडनाव मूठभर घरांचं, त्यामुळे त्या तीन तसबिरींचा थाट तुला ठाऊकच आहे. लढाई संपल्यावर पोचलेले जनरल थॅकर्बी, एकदाच निवडून आलेले सिनेटर थॅकर्बी, आणि कणसं सोलायचं यंत्र शोधून काढून त्यात स्वतःचंच बोट घालवलेले ते तिसरे. तू नवी सून म्हणून आलीस तेव्हा जनरलसाहेबांच्या मिशा बघून तुला हसू आवरेना, म्हणून मी तुला वाढायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात ओढून नेलं होतं. तिथे आपण दोघी पोट धरधरून हसलो. त्या दिवसापासून तू मला आवडतेस.

यंदा मी तिथे चौथा खिळा ठोकून घेतला होता. काउंटीची पहिली बाई न्यायाधीश, आणि निवडून आली तीही थॅकर्बी नावानं! वर्तमानपत्रातला तुझा फोटो चौकटीत घालून नेला. युनिस फणकारली, "अगं अल्मा, घटस्फोट घेतलेली सून ती! या भिंतीवर यायला रक्त लागतं, रक्त." वेंडेल ताटातून मान वर न करता म्हणाला, "आई, कशाला शोभा करून घेतेस? आणि तिच्या शपथविधीला तर मुळीच जाऊ नकोस. लोक हसतील." मी म्हटलं, "जनरलला हसत नाहीत, मला काय हसतात!" पण फोटो परत आणला. युनिसच्या हिशेबानं मीही त्या भिंतीची कोणी लागत नव्हते. इतकी वर्षं तिथली धूळ पुसली, पण हे कधी डोक्यात आलं नाही. फोटो आता माझ्या स्वयंपाकघरात आहे.

खरं सांगायचं तर शनिवारीच मी तुला पत्र लिहायला बसले होते, आडनाव बदलू नकोस म्हणून गळ घालायला. ते टाकलंस की माझ्याकडे यायला तुला कारणच उरणार नाही, याची भीती वाटत होती. मेळाव्याहून आल्यावर तो कागद फाडला. तू खुशाल लिंडक्विस्ट म्हणून शपथ घे. मी येणार आहे, वेंडेलला काय वाटायचं ते वाटो. पहिल्या रांगेत खुर्च्यांवर पाहुण्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या लावतात ना, माझ्या चिठ्ठीवर थॅकर्बी घालू नकोस. खाली माझं माहेरचं नाव लिहिलंय, तेच घाल. लग्नानंतर आज पहिल्यांदाच लिहितेय, म्हणून अक्षर जरा वाकडं आलंय.

तुझीच,
अल्मा प्रूइट