पाखरं उडतात

अहो,

घटस्फोट झाला तरी हाक काही बदलत नाही मेली.

आज आपल्या टेकडीमागच्या पायवाटेनं गेले होते. गवत पिवळं पडायला लागलंय, निळी रानफुलं आता थोडीच उरलीत. आपण फिरायचो तेव्हा तुमचा नियम असायचा: फूल तोडायचं नाही, तोंड उघडायचं नाही, पाखरं उडतात. इतक्या वर्षांत मी तिथं साधी खोकलेसुद्धा नाही.

वळणावर तुम्ही दिसलात, नव्या बायकोबरोबर. ती खदाखदा हसत होती. ससा बिचकून पळाला, तुम्ही बघितलंही नाहीत. तिच्यासाठी फुलं तोडत होतात, मूठभर.

मी झुडपाआड श्वास रोखून उभी राहिले. तुम्हीच शिकवलंत ना.

हे पत्रही पाठवणार नाही. पाखरं उडतील.

तुमची पहिली