दोन भावांची टेबलं

६ फेब्रुवारी १९८९
वाट लागली! आमच्या ऑफिसच्या जयवंतसरांनी वर्सोव्याच्या मासळीवाल्या भावांचं काम माझ्या गळ्यात मारलं. दोघे भांडून वेगळे झाले, कॉम्प्युटरही घेतले ते वेगवेगळ्या कंपन्यांचे! एकाचा डेटाबेस दुसऱ्याला ओळख देत नाही, मालकांसारखाच. पण कर्ज सामाईक – बँकेला दर महिन्याला एकत्र हिशेब हवा. तर माझ्या प्रोग्रामने दोन्हीकडे जाऊन विचारायचं : तुझी टेबलं, म्हणजे नोंदींचे तक्ते, कुठले? प्रत्येक नोंद कुठल्या कॉलमवरून ओळखतोस, म्हणजे 'की' कुठली? त्यांनी प्रोग्राम विकत घेतला तर मी कायम. नाहीतर मार्चअखेर घरी.

८ फेब्रुवारी
थोरल्या हरेश्वरशेठचा डेटाबेस गुणी. विचारलं की टेबलांची नावं, कीसकट. धाकट्या लहूशेठचा घुम्या! टेबलं सांगतो, कीचा विषय काढला की गप्प. मॅन्युअल वाचून डोळे गेले. शेवटी इंडेक्सवरून पकडली – ज्या कॉलमात डुप्लिकेट चालत नाही, तीच की. झकास!

११ फेब्रुवारी
यादी दाखवली. लहूशेठची टेबलं सत्तर, हरेश्वरशेठची नऊ. हरेश्वरशेठ लालबुंद! "त्याची सत्तर, आणि माझी नऊच?" अगं बाई – लहूशेठच्या डेटाबेसने स्वतःच्या कारभारासाठी ठेवलेली टेबलंही मी मोजली होती! समजावलं. ऐकतात कुठे?

१३ फेब्रुवारी
हरेश्वरशेठनी काल रविवारी ऑपरेटर नंदूला बसवून सत्तर गाठायला एकेका माशाच्या नावाने नवी टेबलं करून घेतली. सगळी रिकामी! बांगडा, सुरमई, हलवा, मांदेली... नंदू मला म्हणतो, "मॅडम, मासे संपले हो. आता भाज्या घालू?"

१५ फेब्रुवारी
डेटाबेसची स्वतःची गाळली, रिकामी गाळली. उरली दोघांची नऊ-नऊ. दोघांना शेजारी बसवताना जयवंतसरांना घाम फुटला. मी प्रिंटआउट पुढे ठेवला. होड्यांचं टेबल. हरेश्वरशेठ – की : नाना नंबर. लहूशेठ – की : नाना नंबर.
नंदू कानाशी म्हणाला, नाना म्हणजे त्यांचे वडील. होड्यांना नंबर त्यांनीच दिलेले.
लहूशेठ म्हणाले, "दादा, तू पण नानाचेच नंबर ठेवले?"
हरेश्वरशेठ नाक ओढत बसले. मलाही रडू आलं – माझं काय जात होतं!

१८ फेब्रुवारी
भाऊ एक झाले. धंदा एक, कॉम्प्युटरही एकच ठेवणार! दोन डेटाबेसांशी बोलणारा प्रोग्राम आता कुणाला हवाय? जयवंतसर म्हणाले, "अनुपमा, फारच चांगलं काम केलंस गं."