आगाथामावशींचा वर्ग

१८ ऑक्टोबर, रविवार

झालं एकदाचं. उपासना संपल्यावर बाप्तिस्मा न झालेल्यांना बाहेर पाठवलं, दारं लावून घेतली आणि आगाथामावशींना उभं केलं. एकावन्न वर्षं संडे स्कूलचा बालवर्ग घेणारी बाई, वय चौऱ्याहत्तर! समोरचा बाक धरून उभ्या राहिल्या. तक्रार अशी की पंधरा दिवसांपूर्वी प्रभुभोजनातली उरलेली भाकर त्यांच्या वर्गातल्या पोरांनी खाल्ली. आम्हा मेनोनाइट ख्रिस्ती लोकांत बाप्तिस्मा मोठेपणीच होतो, आणि त्याआधी त्या भाकरीला कुणी हात लावत नाही. त्या पोरांत माझी टिनाही होती. म्हणून तर मला जास्तच कडक व्हावं लागलं — पास्टर स्वतःच्या लेकीच्या चुकीवर पांघरूण घालतो असं कुणी म्हणायला नको.

कसं झालं, म्हणून मी विचारलं. त्या म्हणाल्या, "माझ्या वर्गात झालं. जबाबदारी माझी." पुढे एक शब्द नाही. मग मी मंडळीला मतासाठी हात वर करायला सांगितले. वर्षभर त्यांनी वर्ग घ्यायचा नाही, असं ठरलं.

नंतर चर्चचा कारभार बघणारे डिकन पेनर पाठीवर थाप मारून म्हणाले, "आता खरे पास्टर झालात." चार वर्षांत पहिल्यांदा! आणि मला बरं वाटलं. इथे खोटं कशाला लिहू — फार बरं वाटलं.

२० ऑक्टोबर

एल्फ्रिडा नवऱ्याशी, म्हणजे माझ्याशी, बोलत नाही. तिच्या वतीने स्वयंपाकघरातली भांडी बोलतायत.

२५ ऑक्टोबर, रविवार

मावशी आल्या नाहीत. त्यांची तिसऱ्या ओळीतली जागा रिकामीच राहिली, कुणी बसलं नाही तिथे. बालवर्ग पेनरबाईंनी घेतला. टिना पोटात दुखतंय म्हणून गाडीतून उतरेना. पाच वर्षांच्या पोरीचे नखरे, असं म्हणून मी तिला उचलून आत नेलं.

२९ ऑक्टोबर

जिन्यात पोरं चर्च-चर्च खेळत होती. मी दाराआड उभा राहून ऐकत होतो. टिनाने पायऱ्यांवर बाहुल्या ओळीने बसवलेल्या. धाकट्या डेव्हीला तिने आधीच बाहेर काढलं — "तुझा बाप्तिस्मा नाही झाला. जा!" तीन वर्षांचा तो, लागला भोकाड पसरायला. मग तिने चिंध्यांची बाहुली उचलून समोर उभी केली.

मी पुढे होऊन विचारलं, हिने काय केलं? चुकली, म्हणाली. काय चुकली? खांदे उडवले. बरं, मग आता तिला जवळ कधी घेणार?

"आधी सगळ्यांनी हात वर करायला पाहिजेत ना, पप्पा."

हसू आलं आणि लगेच विरलं. त्या रविवारी बंद दाराच्या काचेतून तिने बघितलं असणार; ती अगदी माझ्यासारखी बोलत होती. मान तिरकी, आवाज हळू.

मागच्या महिन्यात डेव्हीने माझ्या प्रवचनाच्या कागदांवर दूध ओतलं. मी ओरडलो, पण ओरडता ओरडताच त्याला उचललं. आधी कडेवर, मग कानउघाडणी. त्यासाठी मी शेजाऱ्यांना बोलावून हात वर करून घेतले नाहीत! घरात हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पोरांनीच रडून-ओरडून शिकवलं. आणि चर्चची पायरी चढलो की सगळं विसरतो. मी त्या म्हाताऱ्या बाईला एकटीला भेटायलासुद्धा गेलो नाही. आधी पेनरांचा फोन, मग बैठक. लाज वाटते.

१ नोव्हेंबर, रविवार

मावशींची माफी मागायची, असं ठरवून पेनरांना सांगितलं. सांगितलं कसलं, विचारलंच! ते म्हणाले, पास्टरच वाकला तर मंडळी डोक्यावर बसेल. नाताळ होऊन जाऊ द्या. मी बरं म्हणालो.

५ नोव्हेंबर

मावशींच्या घरावरून गेलो. स्वतःच दारातला बर्फ लोटत होत्या. मी गाडीतून हात केला. त्यांनीही केला. मी थांबलो नाही.

९ नोव्हेंबर

एल्फ्रिडा आज बोलली. "टिना चुकली तर लगेच माफी मागायला लावतोस. मग तुला नाताळपर्यंत मुदत कुणी दिली?"

उद्या सकाळी जातो. पेनरांना विचारणार नाही.

१० नोव्हेंबर

आगाथामावशी गेल्या. सकाळी शेजारीण अंडी द्यायला गेली, तर त्या खुर्चीतच गेलेल्या. फोन आला तेव्हा मी कोटाची बटणं लावत होतो.

१४ नोव्हेंबर, शनिवार

दफनविधी मीच केला. दुसरं कोण करणार? सगळ्यांसमोर सांगितलं की मी या बाईवर अन्याय केला. पेनर मांडीवरच्या टोपीकडे बघत राहिले.  शवपेटीची माफी मागायला काय लागतं! तिच्या दारात जाऊन मागायची होती. पाच तारखेला, बर्फ लोटता लोटता. ते फावडं तरी हातातून घ्यायचं होतं. हे मला जन्मभर पुरणार आहे.

नंतर तळघरात नेहमीप्रमाणे पाव, चीज, कॉफी. टक्कल पडलेले, नातवंडं असलेले किती बाप्ये आले होते — सगळे मावशींच्या बालवर्गातले. रडत होते आणि पाव खात होते. टिनाने मात्र पावाला हात लावला नाही. मी आग्रह केला तर हुंदके द्यायला लागली. मावशींवर जीव होता तिचा, त्यामुळे असेल, असं मला वाटलं.

१५ नोव्हेंबर, रविवार

टिनाने आज सांगितलं. मावशी पोरांचे कोट आणायला गेल्या होत्या, तेवढ्यात हिने जाऊन कापडाखालचं ताट आणलं आणि सगळ्यांना भाकर वाटली. "तू वाटतोस तशी." मावशी परत आल्या, तेव्हा ताट रिकामं होतं. त्या तिला म्हणाल्या होत्या, घाबरू नकोस, तुझ्या पप्पांशी मी बोलते.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस, बाळा?

"तू मला पण उभं केलं असतंस."