माझ्या नावाचं पान

प्रिय दुलारीदीदी,

रविवारी मी टोरांटोहून बसने न्यूयॉर्कला, तुमच्या रिचमंड हिलला येऊन गेले, तुला न कळवता. 'येऊ नकोस भागो, पोरीला अजून तुझं नावही नको असतं,' असं तू एकोणीस वर्षं लिहीत आलीस. मी ऐकलं. या वेळी ठरवलं, तिला नुसतं लांबून बघायचं आणि परतायचं.

तुझ्या दारी यायचा धीर होईना, म्हणून लिबर्टी ॲव्हेन्यूच्या मागच्या, तुमच्या नेहमीच्या मंदिरात गेले. ओढणी कपाळावर ओढून बायकांत शेवटी बसले. पितृपक्षाची गर्दी होती. माझी इंद्राणी पुढे गेली आणि मी लगेच ओळखलं. चालणं थेट आपल्या आईचं, एक खांदा जरा पुढे. मी गयाना, आपलं बर्बिस सोडलं तेव्हा ती चार वर्षांची होती. नवऱ्याच्या माराने माझा उजवा कान गेला, तेव्हा तूच म्हणालीस, 'तू नीघ, पोर मी सांभाळते.' ते मी विसरलेले नाही, दीदी.

पंडितजींनी विचारलं, 'कुणासाठी, बेटी?' ती म्हणाली, 'आईसाठी. भागमती.'

वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पण तिने तीळपाणी सोडलं, पंडितजींनी माझं नाव तीनदा घेतलं. आणि मी तिथेच, दहा हातांवर, जिवंत बसलेली! शेजारच्या म्हातारीने मला ढोसलं, 'गुणी पोर हो. आई नदीत बुडाली, तरी दर वर्षी न चुकता करते. नाहीतर आमची कार्टी! मेल्यावर पाणी कसलं सोडतायत, जिवंतपणी कपभर चहा देत नाहीत.'

उठून पळावंसं वाटलं. पण बायकांनी हाताला धरून खाली जेवायला बसवलं. कमळाचं पान, सात भाज्या. वाढायला इंद्राणीच. 'आंटी, भोपळा घ्या ना अजून. माझ्या आईला फार आवडायचा.' मला भोपळा कधीच आवडला नाही, दीदी. तुला आवडतो. मी सगळा खाल्ला. माझ्याच श्राद्धाचं पान मी चाटूनपुसून संपवलं.

'कुठल्या तुम्ही?' तिने विचारलं. बर्बिस म्हटल्यावर तिचा हात थांबला. 'माझ्या आईला ओळखत होता?'

'थोडंसं,' मी म्हणाले.

'मग दिवाळीला याल? मला तिच्याबद्दल सांगणारं कुणी नाही. मावशीला विचारलं की ती रडायलाच लागते.'

मी 'येईन' म्हटलं.

तिला गमवायची भीती वाटली असेल तुला. ते कळतं मला. पण माझी पत्रं, दर वाढदिवसाचे फ्रॉक, ते कुणाचे म्हणून सांगितलेस? हे पत्र तिला लिहायला बसले होते, मग वरचं नाव खोडलं. वाढवलंस तू, तर मी जिवंत आहे हे तिला तुझ्याच तोंडून कळू दे. दिवाळीला पाच आठवडे आहेत. त्या दिवशी ती मला विचारेल, आई कशी होती, आणि मी तिच्याशी खोटं बोलणार नाही.

तुझीच, अजून जिवंत असलेली,
भागो