दारावरची तारीख

चिमणे,

काल तुमच्या गल्लीत डासांच्या अळ्या तपासायला आलो होतो. दार तुझ्या सासूबाईंनी उघडलं. तुझ्या लग्नाला मी हट्टाने आलो नाही, मग त्या मला ओळखणार कशा? म्हणाल्या, "हळू बोला, सून झोपलीय. सहावा महिना आहे."

मला ते तिथं उभ्या उभ्या कळलं.

गच्चीवरच्या पिंपात अळ्या वळवळत होत्या. मी पिंप सरळ उपडं केलं. त्या तडकल्या, "अहो, भरलेलं पिंप ओतलंत?" म्हटलं, "हा डास चावून आईला आलेला ताप उतरतो, पण त्या तापाचा विषाणू पोटातल्या बाळाच्या मेंदूला इजा करू शकतो. सुनेला दिवसाही मच्छरदाणीत झोपवा." त्या वरमल्या. "एवढं पोटतिडकीने सांगताय, तुमच्याही घरात कुणी पोटुशी आहे का?"

"आहे," म्हणालो.

एकतीस वर्षं पिंपं उपडी केली, शिव्या खाल्ल्या, पण मान कालच्याइतकी ताठ कधीच नव्हती.

हे पत्र खिशातच राहणार, माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. दारावर मात्र तपासणीची तारीख खडूने लिहून खाली सही केलीय. तुझ्या प्रगतिपुस्तकावर असायची तीच. तारीख दर आठवड्याला बदलेल.

तुझे,
बाबा