उकळत्या पाण्याची बोली

चुलतबंधू वाल्देमार यास,

बाबांनी अडचणीत विकलेला ढोल मी परत मिळवला. तुझ्या खानावळीत त्याचं टेबल होणार नाही.

ऑनलाइन लिलावात मी कुठवर जाणार, तो आकडा झाकलेला होता; कोणी वर गेलं की माझी बोली तिथवर आपोआप चढायची. तू दहापट बोली लावून तो उघडा पाडलास, बोली मागे घेतलीस आणि माझ्याहून शंभर पेसो जास्त लावून बसलास. नियमाप्रमाणे बोली मागे घेता येते ती खऱ्या चुकीसाठीच. तू कारण लिहिलंस, "माते चहाचं पाणी कीबोर्डवर सांडलं, एक शून्य जास्त पडलं."

वा रे वा! अख्ख्या मोन्तेविदेओत पोटाच्या धास्तीने माते चहाला न शिवणारा एकटा तू. मी लिलाववाल्या बाईंना फोन करून हे सांगितलं, तर म्हणाल्या, "चुगली म्हणजे पुरावा नव्हे हो." तरी त्यांनी तुला सहज विचारलं, "पाणी फार गरम होतं का?" आणि तू म्हणालास, "अहो, खळखळ उकळतं होतं!"

मला हे सांगताना बाईंना हसू आवरेना. "उकळत्या पाण्याचा माते? अहो, पाला करपतो हे इथे तान्ह्या बाळालाही कळतं!" त्यांनी तुझ्या सगळ्या बोल्या रद्द केल्या.

कबूल करते, एका फुलदाणीच्या लिलावात ही सबब मीही सांगितली होती. पण पाणी किती तापवायचं ते मला ठाऊक होतं.

हे पत्र टपालात टाकत नाही. रविवारी माझ्या दारात ढोल वाजवीन. तुझं घर तीनच गल्ल्या पलीकडे आहे.

तुझी बेताच्या गरम पाण्याची बहीण,
निल्दा