कापडासकट मजुरी

३ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद. एक्केचाळिशीला आलास तरी मी टिल्लूच लिहिणार, तक्रार चालणार नाही. फोनवर तुझ्याशी धड बोलणं होत नाही. मध्येच गिऱ्हाईक गाडीत बसतं आणि तू नंतर बोलतो म्हणून ठेवून देतोस. तुझं ते नंतर काही येत नाही, म्हणून पत्र.

काल आईला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं होतं. उजवा डोळा गेलेलाच आहे. डाव्यातला काचबिंदूही आता औषधाला जुमानत नाही. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. ऑपरेशनचा उपयोग नाही, महिना, फार तर दीड महिना, मग दिसणार नाही असं त्या म्हणाल्या. मी काहीतरी गुळमुळीत विचारायला लागले, तर आईने मला थांबवून बिल किती झालं ते विचारलं.

घरी आल्यावर मात्र तिने एक मागितलं. डोळा आहे तोवर तुला एकदा बघायचंय म्हणते. तीन वर्षं झाली. तुझे केस गेले हे तिला पटत नाही, तुमच्या बापाच्या डोक्यावर शेवटपर्यंत जंगल होतं असं तिचं म्हणणं. चार दिवस काढून ये. बसने ये, गाडी आणलीस तर वाटेत भाडी घेत बसशील.

लोभ आहे तो असू दे, वर चार दिवस दे.
तुझी ताई

१० फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. पत्र दोनदा वाचलं. डॉक्टर थोडं वाढवूनच सांगतात, तू धीर सोडू नकोस. आईला सांग, केस खरंच गेलेत.

मला यायचं नाही असं समजू नकोस. पण माझा धंदा नोकरीसारखा नाही, रजा टाकली आणि निघालो असं होत नाही. दिवसाला चोवीसशे होतात, ॲपवाल्या टॅक्सी कंपनीचं आठवड्याचं बक्षीस धरून. चार दिवस म्हणजे शहाण्णवशे बुडाले. एवढे बुडवून आलो तर गाडीचा हप्ता कशातून भरू? मार्च संपला की दोन पैसे बाजूला पडतील. मग चार कशाला, आठ दिवस येतो.

आईने शेजारच्या काकूंना माझी महिन्याची कमाई सांगितली असेलच. सांगू दे. तेवढाच तिला आनंद.

आईला साष्टांग. माझ्यावरचा लोभ आटू देऊ नकोस.
तुझा टिल्लू

१७ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. चोवीसशे ऐकून ती खूश होईल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. मग म्हणाली, हा कापडासकट मजुरी मोजतोय.

तुला आठवत असेल, चाळीस वर्षं तिने लोकांचे कपडे शिवले, पण गिऱ्हाइकाचं कापड कधी आपल्या कमाईत धरलं नाही. शिलाई आली की त्यातून दोरा, हुक, तेल वजा आणि मशीनची झीज म्हणून थोडे वेगळ्या डब्यात. उरलं ते आपलं. मशीन कधी अडलं नाही ते त्या डब्यामुळे. तिचा निरोप असा, की तुझ्या चोवीसशेत कंपनीचं किती, गॅसचं किती, झीज किती, हे काढून तुझं स्वतःचं किती उरतं ते लिहून पाठव. अंदाजाने नको, कागदावर मांडून. मग दिवस बुडाला तर काय बुडतं ते तिला कळेल म्हणते.

तुला वाटेल म्हातारीला नसत्या चौकशा. पण मार्चचं तिला सांगितलं तेव्हा तिने बोटांवर आठवडे मोजले, आणि मग तू येतोस का असं पुन्हा विचारलं नाही. मला ते बघवत नाही रे. हिशोब राहू दे, तू ये.

रागावलीस का असं विचारू नकोस, रागावलेच आहे. तरी तुझीच,
ताई

२६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. तू तिथे बसून उंटावरून शेळ्या हाकू नकोस. बारा-बारा तास चाक माझ्या हातात असतं. खर्च असतोच, कुणाला नसतो? पण रोज संध्याकाळी आकडा मी डोळ्यांनी बघतो, तो खोटा कसा असेल? टायर झिजतात तेव्हा बघू. गाडी चालतेय, हप्ता जातोय, मला एवढंच कळतं.

यायला जमत नाही याचं मलाही वाईट वाटतं. म्हणून पंचवीसशे पाठवत आहे. आईला औषध आण, फळं आण, तिला हवं ते घे. मार्चअखेर नक्की.

जास्त लिहिलं असेल तर लहान म्हणून पोटात घाल.
टिल्लू

१३ मार्च

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद. गेल्या मंगळवारी दुपारी आई माझ्या पोलक्याला हुक लावत बसली होती. सुईतला दोरा संपला, ओवून दे म्हणाली. दोरा होता, वीतभर लोंबत होता. मी तसं सांगितलं. तिने सुई खिडकीकडे धरली, मग डोळ्याजवळ आणली, मग हळूच माझ्या हातात दिली आणि बाकीचे हुक तू लाव म्हणाली.

दवाखान्यात जाऊन आलो. आता उजेड-अंधारही कळत नाही. ती रडली नाही. त्याला लगेच कळवू नकोस, त्याचा महिना पुरा होऊ दे असं मला दोनदा बजावलं. मी तीन दिवस ऐकलं, आज लिहिते आहे.

तुझे पंचवीसशे तिने उशाखाली ठेवले आहेत, खर्चू देत नाही.

आणखी काय लिहू, सुचत नाही.
ताई

२१ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. पत्र आलं त्याच दिवशी मी गॅरेजमध्ये होतो. चारही टायर गुळगुळीत झाले होते, ब्रेकचं कामही निघालं. मेस्त्रीने आकडा सांगितला, तेवढे माझ्याकडे नव्हते. तिथेच बाकावर बसून मी त्याच्याकडून कागद मागून घेतला आणि आईने सांगितलं होतं तसं मांडलं. तिला वाचून दाखव.

दिवसाचे चोवीसशे. त्यात कंपनीचा वाटा सहाशे. गॅस सातशे ऐंशी. गिऱ्हाईक सोडून रिकामं परत यावं लागतं, शंभरातले चाळीस किलोमीटर तसेच जातात, आणि त्यांचा गॅस मी आजवर धरलाच नव्हता. टायर, ब्रेक, तेल यांची झीज तीनशे. पार्किंग, धुणं, चहा-जेवण शंभर. उरतात सहाशे वीस. हप्ता आणि विमा यात नाहीत, ते मी घरी बसलो तरी जातातच. ते गेल्यावर महिन्याकाठी साडेतीन हजारांच्या आसपास हातात. झिजेचे पैसे मी कधी बाजूला काढले नाहीत, म्हणून आजवर खिसा भरलेला वाटायचा. तीन वर्षं मी गाडी खाऊन जगलो, ताई, आणि तुम्हाला मोठे आकडे सांगितले.

इथे एक म्हण लिहीत होतो, ती खोडली आहे. ती वाचू नकोस.

मला यायचंय. पण कोणत्या तोंडाने येऊ ते तू सांग.
तुझा टिल्लू

२८ मार्च

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद. हिशोब आईला सावकाश वाचून दाखवला. खोडलेलं वाचलं नाही, पण ते आंधळं आणि दळण मला दिसलं. ते मनातून काढून टाक.

आई प्रत्येक वजाबाकी माझ्याबरोबर तोंडी करत होती, आणि माझ्या आधी सहाशे वीसवर पोचली. बरोबर मांडलंय पोराने असं म्हणाली. तिला समाधान वाटलेलं दिसलं. मग तिने विचारलं, की तू चार दिवस यायचा होतास ना. मी हो म्हटलं. चार दिवसांचे चोवीसशे ऐंशी झाले, हे तिने आपल्या आपणच सांगितलं. तिने उशाखाली हात घालून नोटा चाचपल्या आणि मला विचारलं, मग त्याने पंचवीसशे कशाला पाठवले, तेवढ्याच पैशांत येऊन गेला नसता का.

रागाने नाही म्हणाली. तिला खरंच उत्तर हवं होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

तुझं बसचं तिकीट त्याच पैशांतून काढलं आहे, बुधवारचं. तोंडाचा विचार करू नकोस, ये.

आईचे आशीर्वाद आहेत, माझेही आहेत.
तुझी ताई

ता. क. दारात आलास की नुसता उभा राहू नकोस. आधी काहीतरी बोल, म्हणजे कोण आलंय ते तिला कळेल.